अंबुलगेकर सरांनी पास केलेलं गाणं

रेणुकादास अंबुलगेकर सर आता थकले आहेत, आणि हे ते कुणी न विचारताही सांगतात. गुडघे दुखतात, मान दुखते, पेटीचा भाता ओढून ओढून डावा खांदा गेलाय. आणि डिसेंबर लागला की डोकं दुखायला लागतं, ते थेट संक्रांतीपर्यंत. कारण डिसेंबरात गॅदरिंगची तयारी. अहमदपूरच्या एका शाळेत सर तीस वर्षं संगीत शिकवतात. येत्या मे महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण, मग घरी. म्हणजे हे शेवटचं गॅदरिंग. एवढं एक निभावलं की सुटलो, असं ते दिवाळीपासून म्हणत होते.

संगीताच्या मास्तरला शाळेत काय किंमत असते ते सांगायला नको. तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा, अर्धी पोरं पेंगलेली. गणिताचे सर आले नाहीत की त्यांचा राहिलेला धडा संगीताच्या तासाला, आणि संगीताचे सर आले नाहीत तरी तो तास गणितालाच. वर्षभर कुणी विचारत नाही, पण गॅदरिंग आलं की सगळ्यांना अंबुलगेकर सर आठवतात. कारण या शाळेची एक रीत आहे. गॅदरिंगच्या तीन आठवडे आधी पोरांनी आपापली गाणी सरांना ऐकवायची, आणि सरांनी पास केलं तरच ते गाणं स्टेजवर जायचं. संस्थेच्या अध्यक्षांची नात असो नाही तर आणखी कुणाची, सरांनी फुली मारली की मारली.

त्यासाठी त्यांची एक लांबडी वही होती. गाण्यासमोर ते तीनपैकी एक शेरा लिहायचे. पास, नापास, आणि तिसरा, ज्याची पोरं फार टिंगल करायची, तो म्हणजे ‘शब्द बदला’. गाण्यात दारू आली की सर तिथं ताक घालायचे. कंबर आली की ओढणी. एकदा कुणा नायकाने ‘तुझ्या ओठांवर’ म्हटलं होतं, तिथं सरांनी ‘तुझ्या पाटीवर’ बसवलं. चाल बरोबर बसली, पण अख्खी शाळा पोट धरून हसली. हसू द्या म्हणायचे सर. पाचवीतली पोर ‘दारू दारू’ करत नाचण्यापेक्षा ताकावर नाचलेली बरी.

आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. गाणं पोरांच्या अंगात कसं शिरतं ते सरांइतकं कुणी पाहिलं नसेल. पूर्वी पोरं गाणं तोंडपाठ करून यायची, बेसूर का होईना, म्हणून दाखवायची. मग कॅसेट आल्या, सीड्या आल्या, पेनड्राइव्ह आले. आता पोरगं येतं, मोबाईल पुढं करतं आणि म्हणतं, सर, हे ट्रेंडिंगला आहे. विषय संपला. एखादा सिनेमा येतो आणि आठ दिवसांत नववीची निम्मी पोरं एका कानावरचे केस साफ करून येतात, खांदा पाडून चालतात, आईला ‘ए म्हातारे’ म्हणतात. कालपर्यंत नाक पुसत हिंडणारं पोरगं आज ‘भाई’ होतं, आणि त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागतो. गेल्या वर्षी सातवीच्या एका पोरीने सरांना सांगितलं होतं की तिचा स्वभावच ‘ॲटिट्यूड’वाला आहे. सरांनी तिला विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, कुणाला उत्तर द्यायचं नाही.

तर यंदा डिसेंबरात दहावी ब मधला सुदर्शन गाणं घेऊन आला. मार्केट यार्डाच्या मागे राहणारा, उंच, जरासा लाजाळूच. पण गळा असा की सरांनी तीस वर्षांत असे दोन-तीनच ऐकले असतील. गाणं मराठी होतं, नवंच, सगळ्यांच्या मोबाईलवर वाजणारं. सरांनी डोळे मिटले आणि ऐकलं. भीमपलासाची चाल, मागे चांगली बासरी, कुठे धडामधूम नाही. एक मुलगा एका मुलीच्या वाटेवर उभा राहतो आणि म्हणतो,

‘नाही म्हण तू शंभरदा, एकशे एकाला हो म्हणशील,
वाटेवर मी उभा राहीन, तू खिडकीतून पाहशील.’

सरांनी शब्द तपासले. दारू नाही. कंबर नाही. ओठ नाहीत. शिवी नाही. सगळं कसं सोवळ्यातलं. सरांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्यांनी वहीत ‘पास’ लिहिलं, आणि त्याखाली कधी नव्हे ती दुहेरी रेघ ओढली. वर दहावी ब ला सांगितलंही, की बघा रे, आजच्या काळातही स्वच्छ गाणी होतात, शोधणारा पाहिजे.

एवढ्यावर थांबते तर ते अंबुलगेकर सर कसले! चांगली चाल दिसली की त्यांना राहवत नाही. त्यांनी गाणं पेटीवर बसवलं आणि त्यात पदरची भर घातली. सुदर्शनची ओळ झाली की मागून चार मुलींनी ‘नाही, नाही’ म्हणायचं, आणि तो मग ‘हो म्हणशील’ वर तान घेणार. त्या चौघींच्या पुढे त्यांनी तनुजाला उभं केलं.

तनुजा हिंगणवाडीची. अहमदपूरपासून बारा किलोमीटर. एसटीचा मुलींचा फुकट पास, सकाळची बस, संध्याकाळी सव्वापाचची बस. वडील भागवत, सात एकरांचा शेतकरी, खाऊन-पिऊन सुखी माणूस. पोरगी अभ्यासात वरच्या पाचात आणि गळ्याने पहिली. भागवतने तिला कबूल केलं होतं, दहावीला ऐंशी टक्क्यांच्या वर गेलीस तर अकरावीला लातूरला घालतो. तिच्या घरातली कुठलीच पोरगी लातूरपर्यंत गेली नव्हती. तनुजाला नर्सिंगला जायचं होतं, आणि त्यासाठी ती पहाटे उठून बसत होती. हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

तालमीत तनुजा ‘नाही, नाही’ म्हणायची ते अगदी सरळ, सुरात, पण जसं हजेरीला ‘हजर’ म्हणावं तसं. सरांना ते आवडेना. त्यांनी तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. असं नाही गं पोरी, म्हणाले, जरा मान खाली घाल, ओढणी चिमटीत धर, आणि नाही म्हणताना थोडं हस. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की आत हो आहे. तनुजा गुणी पोर, सर सांगतील ते करणारी. चौथ्या तालमीला तिला ते जमलं आणि सरांनी शाबास म्हटलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गॅदरिंग झालं आणि त्या गाण्याने मंडप डोक्यावर घेतला. वन्स मोअर मिळाला. मुख्याध्यापक सिद्रामप्पा सरांनी शाल काढून अंबुलगेकर सरांच्या खांद्यावर घातली. पोरांनी व्हिडिओ काढले, ते रात्रीतून गावभर गेले. सर घरी आले ते पाय दुखायचे विसरून. शेवट गोड झाला, असं त्यांना वाटलं.

शेवट कसला, तिथूनच सुरुवात होती. दुसऱ्या दिवसापासून सुदर्शन संध्याकाळी बसस्टँडवर उभा राहायला लागला. हिंगणवाडीची बस लागते तिथल्या खांबाजवळ. काही बोलायचा नाही, वाईट वागायचा नाही. नुसता उभा. त्याचे चार मित्र मागे बाकड्यावर बसून ती चाल गुणगुणायचे आणि तनुजा बसमध्ये चढली की ‘नाही, नाही’ म्हणून ओरडायचे. तिसऱ्या दिवशी तनुजा स्वतः त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली की मला हे आवडत नाही, तू इथं येत जाऊ नको. स्पष्ट शब्दांत, चार बायांसमोर म्हणाली. तो दुसऱ्या दिवशीही आला. तिने बसची वेळ बदलून पाहिली, तर तोही त्या वेळेला आला. पुढच्या आठवड्यात त्यातल्या एका मित्राने ती खांबाला टेकून उभी असतानाचा व्हिडिओ काढला, त्याला तेच गाणं लावलं, आणि रील करून सोडून दिलं. दोन दिवसांत ते हिंगणवाडीच्या ग्रुपवर पोचलं. भागवतच्या मोबाईलवर ते त्याच्या चुलतभावाने पाठवलं, खाली तीन प्रश्नचिन्हं टाकून.

तनुजा दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पूर्वपरीक्षा सुरू झाली, तिचा बाक रिकामा. चौकशी केली तर कळलं की भागवतने शाळा बंद केलीय, आणि बोर्डाच्या परीक्षेलाही पाठवणार नाही म्हणतोय. पोरीला उदगीरला मामाकडे ठेवायचं चाललंय. आता मामाकडे ठेवायचं म्हणजे पुढं काय, हे आपल्याकडे लहान पोराला कळतं.

सिद्रामप्पा सर चांगला माणूस. त्यांनी सुदर्शनच्या बापाला बोलावलं, पोरांचे मोबाईल काढून घेतले, ते रील काढायला लावलं. मग अंबुलगेकर सरांना केबिनमध्ये बोलावून म्हणाले, तुमच्या गाण्यावरून झालंय सर, तेव्हा पोरीच्या बापाकडे तुम्हीच जाऊन या. तसं आवाज न चढवताच म्हणाले. पण तीस वर्षांत ‘तुमच्या गाण्यावरून’ असं सरांना कुणी म्हटलं नव्हतं.

सरांनी आधी सुदर्शनला संगीताच्या खोलीत बोलावलं. चांगला खडसावायचा बेत होता. पण पोरगं आलं ते असं पडलेलं की दोन दिवस जेवलं नसावं. सरांचा अर्धा राग तिथंच गेला.

“ती तुला नाही म्हणाली होती ना रे?” सरांनी विचारलं.

“हाव सर. न्हाईच म्हनली.”

“मग कामून जात राहिलास?”

सुदर्शनने खरोखर न कळल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. “गान्यात बी पैल्यांदा न्हाईच म्हनती की, सर.” मग खाली मान घालून म्हणाला, “आन् तुमचं बी तसंच जमलं होतं की. तुमीच सांगितलं होतं.”

 पोरगं खोटं बोलत नव्हतं. दर गॅदरिंगच्या तालमीला, पोरं दमली की ‘सर, तुमची स्टोरी सांगा’ म्हणून मागे लागत, आणि सर पेटी बाजूला सारून सांगत. एकतीस-बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सर तेव्हा उदगीरला एका खाजगी शाळेत होते, वय सव्वीस. किल्ल्याकडच्या एका गल्लीत विशाखा राहायची, कॉलेजला जायची. सर रोज संध्याकाळी सायकल घेऊन तिच्या घरासमोरच्या पानपट्टीवर उभे राहत. पानपट्टीवर रेडिओ असायचा, त्यावर एक गाणं हमखास लागायचं, आणि ते लागलं की सर त्यावर शीळ घालत. ती रागवायची, खिडकी लावून घ्यायची, एकदा तर रस्त्यात थांबवून चांगली बोललीही. पण सर हटले नाहीत! चार महिने! आणि शेवटी तिच्याच वडिलांनी पत्रिका पाठवली. इथं पोरं टाळ्या वाजवत. सर हसत म्हणत, चिकाटी पाहिजे बाळांनो, गाण्यातही आणि जगण्यातही.

सुदर्शनला त्यांनी घरी जायला सांगितलं. स्वतः मात्र खोलीतून लवकर उठले नाहीत.

घरी विशाखाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरांची गणिताची शिकवणी घेतात. सहावी-सातवीची पोरं येतात, आणि बाई गणित इतकं सोपं करून सांगतात की शाळेतले गणिताचे सरही मान डोलावतात. सरांनी त्यांना सगळं सांगितलं. तनुजा, बसस्टँड, रील, बाप, सगळं. आणि म्हणाले, रविवारी मी जाऊन येतो हिंगणवाडीला, पण तूही चल, पोरीची आई बाईमाणसाचं ऐकेल. सुदर्शन काय म्हणाला तेही त्यांनी सांगून टाकलं. सांगताना थोडं हसलेही, बिचारं पोरगं आपल्या दोघांचं उदाहरण देऊन राहिलं, म्हणून.

विशाखाबाई हसल्या नाहीत. शेंगा सोलत म्हणाल्या, “मी तुम्हाला नाही म्हणाले होते. आठवतं का?”

सर म्हणाले, हो, तू फार चिडली होतीस तेव्हा.

“चिडले नव्हते. नाही म्हणाले होते. इथं येऊ नका, माझं कॉलेज बंद होईल, असं म्हणाले होते.” त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. “आणि झालंच ना बंद. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढच्याच आठवड्यात बाबांनी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. मग गल्लीत नाव झालं, दुसरीकडून स्थळ येईना, म्हणून तुमच्याकडे पत्रिका.”

सर म्हणाले, पण तू लग्नाला हो म्हणालीस ना?

“मला विचारलं कुणी?”

सरांना खुर्ची सापडेना, ते तसेच पलंगाच्या काठावर बसले. एकतीस वर्षं, असं काहीतरी ते पुटपुटले. एकतीस वर्षांत तू कधी बोलली नाहीस. विशाखाबाई म्हणाल्या की संसार वाईट झाला असं त्यांचं म्हणणं नाही. मुलाचं, मिहिरचं शिक्षण झालं, तो पुण्याला नोकरीला लागला, तुम्ही कधी हात उगारला नाहीत, व्यसन नाही, सगळं ठीकच. पण ते चार महिने म्हणजे तुम्ही सांगता ती गोष्ट नव्हती. “तुम्ही दरवर्षी पोरांना सांगत होता. मला वाटायचं, कधीतरी सांगता सांगता तुमचं तुम्हालाच कळेल,” त्या म्हणाल्या, आणि सोललेले दाणे घेऊन आत गेल्या. त्या रात्री दोघंही जेवले, भांडीकुंडी झाली, दिवे मालवले. कुणी कुणाशी भांडलं नाही. सर आढ्याकडे बघत पडून राहिले, एवढंच.

रविवारी दोघं हिंगणवाडीला गेली. भागवतने ओसरीवर खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं, चहा सांगितला. गुरुजी घरी आलेले, त्यांचा मान आपल्याकडे सुटत नाही, मनात काही का असेना. तनुजाची आई उंबऱ्याच्या आत उभी राहिली. तनुजा दिसली नाही.

सरांनी घरून भाषण तयार करून आणलं होतं. मुलीचं शिक्षण, काळ बदलला, शाळेने त्या पोरांना शिक्षा केली, वगैरे. चार वाक्यांत ते संपलं. भागवत खाली बघून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला की माझा तुमच्यावर राग न्हाई सर. पोरगं वाईट असतं तर दोन ठेवून दिल्या असत्या, मिटलं असतं. पण गल्लीत बारकी पोरं माझ्या पोरीला बघून ते गाणं म्हणून राहिलीत. माझ्या दारावरून जाताना म्हणतात. तिला मी कुठवर राखू? आणि शेवटी, अगदी हळू, त्याने ते काढलंच.

“मी व्हिडिओ पाह्यला सर, तुमच्या गॅदरिंगचा. पोरगी लाजून हासून राहिली त्यात. माझी पोरगी तसली न्हाई. ते तिला कुनी शिकिवलं?”

सरांनी मान वर केली नाही. “मी शिकवलं,” ते म्हणाले.

 मग विशाखाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या बोलायला लागल्या. आपली सगळी हकीकत त्यांनी त्या परक्या ओसरीवर सांगितली. उदगीरची गल्ली, पानपट्टी, बांधून माळ्यावर टाकलेली पुस्तकं. उभा राहणारा कोण होता हेही सांगितलं, नवऱ्याकडे बोट न दाखवता, पण नाव घेऊन. आपल्याकडची बाई नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेते. भागवतने सरांकडे पाहिलं. खरं आहे, असं सरांनी मानेनेच सांगितलं.  इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती त्यांनी तशीच बसून सोसली.

“माझे वडील वाईट नव्हते,” विशाखाबाई भागवतला म्हणाल्या. “त्यांनाही माझी काळजीच होती. पण रस्त्यावर उभे राहिले हे, आणि घरात बसले मी. तुम्ही तेच करून राहिलात, भाऊ.”

आतून तनुजाची आई पहिल्यांदाच बोलली. परीक्षेला तर जाऊ द्या, एवढंच म्हणाली. भागवतने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.  विशाखाबाईंनी सांगितलं की परीक्षेचे पंधरा-वीस दिवस पोरीला माझ्याकडे ठेवा, अभ्यास मी घेईन, केंद्राच्या फाटकापर्यंत मी सोडेन, मीच आणेन. बसस्टँडचं तोंड बघायला नको. यावर भागवत म्हणाला, बाईंच्या शब्दावर पाठवतो. परीक्षा देऊ दे. लातूरचं मात्र आता काढू नका, ते निकालानंतर बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते सगळ्यांना समजत होतं. पण परीक्षा तरी हातची गेली नाही.

परतीच्या बसला अर्धा तास होता. फाट्यापर्यंत सोडायला तनुजा आली, सोबत तिचा धाकटा चुलतभाऊ, बापाने पाठवलेला. पोरगी वाळली होती. विशाखाबाईंशी ती गणिताचं काहीतरी बोलत होती, भूमितीचं कुठलं प्रमेय अडलं होतं ते. सर मागून पाय ओढत चालत होते. फाट्यावर आल्यावर त्यांनी तिला हाक मारली. तीस वर्षं ज्याने पोरांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या, त्या माणसाने पंधरा वर्षांच्या पोरीपुढं हात जोडले. माझं चुकलं बेटा, म्हणाले. मी ते गाणं पास करायला नको होतं. तुला तसं हसायला शिकवायला नको होतं.

तनुजा गोंधळली. सरांनी हात जोडलेले तिला बघवेनात. ती म्हणाली, असू द्या सर. मग म्हणाली,

“सर, चाल लई चांगली होती. मला लई आवडायची ती. घरी काम करताना मी बी म्हनायची.” तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “आता अभ्यासाला बसले की आपोआप तोंडात येती, आन् आली की पुस्तक मिटून उठावं लागतंय. तुमी शिकिवलेलं गानं इसरायचं कसं, ते बी शिकिवता येतंय का सर?”

 सरांना राग कसा ओळखायचा, तान कुठं घ्यायची, सम कशी गाठायची, सगळं येत होतं. हे मात्र येत नव्हतं. तेवढ्यात बस आली. तनुजाने विशाखाबाईंना वाकून नमस्कार केला, मग सरांनाही केला, आणि ती चुलतभावाबरोबर माघारी निघाली.

बसमध्ये फारशी गर्दी नव्हती. दोघांना शेजारी शेजारी जागा मिळाली. ड्रायव्हरच्या बाजूला कुणाच्या तरी मोबाईलवर गाणं चाललं होतं, दुसरंच कुठलं तरी. हरभऱ्याची शेतं मागे जात होती. अहमदपूर जवळ आलं तेव्हा सरांनी, समोर बघतच, विचारलं. पानपट्टीवरचं ते तेव्हाचं गाणं, ज्यावर ते शीळ घालायचे, जे अजूनही अधूनमधून रेडिओवर लागतं आणि लागलं की ते मुद्दाम आवाज मोठा करतात. ते तिला अजून आठवतं का?

विशाखाबाईंनी खिडकीची काच थोडी सरकवली.

“ते लागलं की मी गच्चीवर जाते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला वाटतं, वाळत घातलेले कपडे आणायला गेले.”